पायाखालची खाडी

मुंबईत मुंबादेवीच्या देवळापासून जवळच पायधुणी नावाचा गजबजलेला भाग आहे. तेथे दुकाने, हातगाड्या आणि माणसांची रीघ दिसते. खाडी मात्र कोठेच दिसत नाही. मग हे नाव आले कोठून? पूर्वी मुंबई आणि माझगाव या बेटांच्या मध्ये खाडी होती. भरतीचे पाणी येथपर्यंत येई. ते ओलांडून आलेला वाटसरू येथे पाय धुई, म्हणून ही पायधुणी, असे सांगतात. जवळच उमरखाडी आहे. खाडी बुजली, नाव तेवढे उरले.

मुंबई हा मूळचा सात बेटांचा समूह. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधील खिंडारातून समुद्र आत शिरे आणि भायखळ्याकडील सखल प्रदेश जलमय करी. विल्यम हॉर्नबी हा १७७१ ते १७८४ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच्या कारकिर्दीत हे खिंडार बांध घालून अडविण्यात आले. आजचा लाला लजपतराय मार्ग त्याच बांधावरून जातो. पुढे खाड्यांत भर पडत गेली आणि बेटे एकमेकांस जोडली गेली.

पायधुणीहून काळबादेवीमार्गे पश्चिमेस चालत गेले, की मरीन लाइन्स स्थानक लागते. एके काळी येथे लोहमार्गाजवळच समुद्र होता. पलीकडील मरीन ड्राइव्ह हा विसाव्या शतकात भर घालून मिळविलेल्या जमिनीवर आहे. तेथून वरळीकडे जाणारा सागरी किनारा मार्ग २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला. त्यासाठीही समुद्रात भर घालावी लागली. किनारा असा वारंवार पालटला.

पाण्याचा स्वभाव मात्र पालटला नाही. ते सखल जागा शोधतेच. भरतीच्या वेळी समुद्राची पातळी अनेक पर्जन्यवाहिन्यांच्या मुखांहून उंच होते. त्याच वेळी मुसळधार पाऊस पडला, तर पाण्याची वाट अडते आणि ते रस्त्यांत व घरांत शिरते. म्हणून हाजी अली येथे पंपांनी पाणी समुद्रात लोटावे लागते. ज्या बाजूने समुद्र आत येई, त्याच बाजूने आता शहरातील पाणी बाहेर काढावे लागते!

भर घातलेल्या जमिनीने असंख्य लोकांना निवारा दिला, हे खरेच. परंतु खाडी किंवा ओढा बुजविण्यापूर्वी त्यातील पाण्याने जावे कोठे, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. तो विसरला, तर दर पावसाळ्यात पाणी स्वतःच त्याची आठवण करून देते.

स्वाध्याय
१. मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आल्यास शहरात पाणी का साचते?
२. आपल्या गावातील पाण्यावरून पडलेली ठिकाणांची नावे शोधा. तेथे जाऊन आज काय दिसते, ते लिहा.