ताबा आधी, भाव मागून

पोरी, बँकेच्या लिलावातला फ्लॅट भाड्याने द्यायला घ्यायचा म्हणतेस, तर राखीव किंमत वाचून हरखून जाऊ नकोस. जाहिरातीत ताबा कोणता लिहिलाय ते आधी बघ. ‘सांकेतिक ताबा’ असेल तर बँकेने दारावर नोटीस डकवलीय, एवढंच समज. आत माणसं राहत असू शकतात. त्यांनी घर सोडलं नाही, तर बँकांच्या कर्जवसुलीसाठीच्या सरफेसी कायद्याच्या कलम १४ खाली दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो आणि त्यात महिने निघून जातात. कर्जदार कर्जवसुली न्यायाधिकरणात गेला आणि स्थगिती मिळाली, तर आणखी लांबतं. तोवर तुझा हप्ता चालू आणि भाडं शून्य. पहिल्याच खरेदीत हे अंगावर घेऊ नकोस. ‘प्रत्यक्ष ताबा’ असलेलाच फ्लॅट बघ, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

बँक पाहणीची तारीख देते, पण त्याआधी एकदा संध्याकाळी तिथे चक्कर मार. दारावर बँकेचं सील आहे का, मीटर फिरतोय का, गॅलरीत कपडे वाळत घातलेत का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ. वॉचमनशी बोल. मग सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटून थकलेल्या मेंटेनन्सचा आकडा व्याजासकट लेखी माग. लिलाव ‘आहे तिथे, आहे तसं’ या अटीवर होतो, त्यामुळे सोसायटीची बाकी, मालमत्ता कर, वीजबिल हे बहुतेक वेळा घेणाऱ्याच्याच माथी येतं. वकिलाकडून सर्च रिपोर्टही काढून घे. तिथे पैसे वाचवू नकोस.

पैशांची सोय बोलीच्या आधीच हवी. बोली तुझ्या नावावर लागली की त्याच दिवशी, फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी, बयाणा धरून २५ टक्के भरायचे. उरलेले विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. मुदतवाढ मिळते, पण लेखी आणि जास्तीत जास्त तीन महिन्यांची. चुकलीस तर भरलेले पैसे जप्त होतात. म्हणून कर्जाची मंजुरी आधी हातात ठेव.

आता हिशोब मांड. समज, ४० लाखांना फ्लॅट पडला. मुद्रांक शुल्क, थकबाकी, रंग, प्लंबिंग धरून ४४ लाख झाले आणि भाडं १२ हजार आलं, तर वर्षाला जेमतेम सव्वातीन टक्के सुटतात. त्यातूनही मेंटेनन्स आणि मालमत्ता कर जायचाच. फ्लॅट भाड्याने दिला म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्कही लावेल, मात्र ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हे लक्षात ठेव. एवढ्या भाड्यात कर्जाचा हप्ता निघत नाही. निम्मे पैसे स्वतःचे नसतील तर वर्षभर थांब, लिलाव काही बंद पडत नाहीत.

बोलीची वरची मर्यादा घरी बसून वहीत लिहून ठेव. ऑनलाइन बोली चढायला लागली की भल्याभल्यांचा हात थांबत नाही.

आणि भाडेकरू अगदी ओळखीतला असला तरी लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी कर. आपल्या महाराष्ट्रात कायद्याने ती जबाबदारी घरमालकाची आहे.