जमिनीची नोंद आणि संगणकाची साखळी

गोव्यातील एखाद्या जुन्या भाटाची मालकी सिद्ध करावयाची झाली, तर एका कागदाने भागत नाही. घरातील पेटी उघडली की आजोबांच्या वेळचे पोर्तुगीज भाषेतील नोंदपत्र निघते, प्रेदियाल कर भरल्याच्या पिवळ्या पडलेल्या पावत्या निघतात. त्यांच्या जोडीला मामलेदार कचेरीतून आणलेला एक-चौदाचा उतारा असतो, आणि मुक्तीनंतर काही खरेदी-विक्री झालेली असल्यास उपनिबंधकाच्या शिक्क्याचे खरेदीखतही असते. हे सर्व कागद एकाच जमिनीविषयी बोलतात. परंतु प्रत्येकाची भाषा निराळी, क्रमांक निराळे आणि पुष्कळदा त्यांतील नावेही निराळी असतात.

आज एक-चौदाचा उतारा घरबसल्या संगणकावर पाहता येतो. नकाशे, फेरफार आणि दस्तनोंदणी यांचेही संगणकीकरण झाले आहे. आता त्यापुढील पायरी म्हणून ‘ब्लॉकचेन’ या तंत्राचा उल्लेख वारंवार होऊ लागला आहे. हे तंत्र आले की कोणालाही दुसऱ्याची जमीन लाटता येणार नाही, असा एक समज त्याबरोबर पसरत आहे. या समजात तथ्य किती, हे पाहण्यासाठी गोव्याइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

जुनी पुस्तके, नवे क्रमांक

पोर्तुगीज अमदानीत जमिनीच्या नोंदणीसाठी स्वतंत्र कचेरी होती. तेथील पुस्तकांत दोन प्रकारच्या नोंदी होत. पहिली ‘देस्क्रिसांव’, म्हणजे मालमत्तेचे वर्णन. तीत जमिनीला क्रमांक देऊन तिचे नाव आणि चतुःसीमा लिहीत. पूर्वेस अमक्याचे भाट, पश्चिमेस ओहोळ, उत्तरेस कोमुनिदादीची जमीन, दक्षिणेस वाट, अशी ती ओळख असे. दुसरी ‘इंस्क्रिसांव’, म्हणजे ती मालमत्ता कोणाच्या नावे आहे याची नोंद. सर्वच जमिनींची नोंद या पुस्तकांत झाली नव्हती. मात्र जेथे ती आहे, तेथे न्यायालये आजही तिला वजन देतात.

मुक्तीनंतर १९६८ चा भू-महसूल कायदा आला आणि त्याखाली गावोगावी नव्याने मोजणी झाली. १९७० नंतरच्या काही वर्षांत प्रत्येक तुकड्यास सर्व्हे क्रमांक व पोटविभाग मिळाला आणि एक-चौदाचा उतारा तयार झाला. खाजन, केर, मोरड अशी अस्सल गोमंतकीय नावे या उताऱ्याच्या रकान्यांत आजही आहेत. परंतु नवा क्रमांक देताना जुन्या वर्णनाशी त्याचा मेळ सर्वत्र घातला गेला नाही. ज्याचे भाट पूर्वेस होते, तो इसम निवर्तला, ओहोळ बुजला, वाटेचा रस्ता झाला. जुन्या पुस्तकातील अमुक क्रमांकाची मालमत्ता म्हणजे आजचा कोणता सर्व्हे क्रमांक, हे ठरविणे अनेक ठिकाणी तपासाचे आणि वादाचे काम होऊन बसले.

नावांची गोष्ट आणखी नाजूक आहे. एक-चौदाच्या उताऱ्यात ‘कब्जेदार’ म्हणून जे नाव लागते, ते मोजणीच्या वेळी गावात जो हजर होता त्याचे लागण्याचा संभव अधिक. धाकटा भाऊ आगबोटीवर, दुसरा आफ्रिकेत, बहीण मुंबईस; मग साहजिकच थोरल्याचे नाव चढले. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्याची परंपरा असल्यामुळे, वेगळा करार नसेल तर पति-पत्नींची मालमत्ता समाईक मानली जाते आणि पत्नीचा अर्धा वाटा असतो. तो वाटा कित्येक उताऱ्यांत दिसतच नाही. भाटात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मुंडकाराचा हक्कही ‘इतर हक्क’ या रकान्यात असेलच असे नाही, जरी १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्याला संरक्षण दिलेले आहे.

एवढे असूनही भू-महसूल कायद्याच्या १०५ व्या कलमान्वये ही नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. दुसरीकडे, फेरफाराची नोंद महसुलाच्या कामापुरती असते, तिच्याने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकवार सांगितले आहे. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. सामान्य माणसाचा गोंधळ उडतो तो येथेच, आणि लबाडाला वाव मिळतो तोही येथेच.

खोटा कागद, खरी नोंदणी

२०२२ च्या जून महिन्यात गोवा शासनाने जमिनी बळकावण्याच्या प्रकरणांसाठी पोलिसांचे विशेष तपास पथक नेमले. त्याच वर्षी निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोगही नियुक्त झाला व त्याने २०२३ मध्ये अहवाल सादर केला. उजेडात आलेल्या प्रकरणांत बार्देश तालुक्यातील जमिनींचा भरणा मोठा होता. हेरलेल्या मालमत्ता बहुधा एकाच जातीच्या असत: मूळ मालक मृत, वारस परदेशी किंवा पांगलेले, घराला वर्षानुवर्षे कुलूप.

फसवणुकीची रीत समजून घेण्यासारखी आहे. मालकाने फार पूर्वी ही जमीन अमक्यास विकली, असे दर्शविणारा एक बनावट दस्तऐवज जुन्या काळच्या थाटात तयार करावयाचा. शक्य झाल्यास त्याला जुन्या दप्तरात शिरकाव करून द्यावयाचा, म्हणजे तेथून मिळणारी प्रमाणित नक्कल रीतसर शिक्क्याची होते. त्या नकलेच्या आधारे एक-चौदाच्या उताऱ्यात फेरफार करून घ्यावयाचा. हरकतीसाठीची नोटीस निघते, परंतु ती मृत माणसाच्या नावे वा कुलूपबंद घराच्या पत्त्यावर. हरकत घेणार कोण? नाव चढले की जमीन तिसऱ्याच माणसास विकावयाची. हा शेवटचा व्यवहार मात्र सर्वस्वी रीतसर असतो. विकणारा स्वतः उपनिबंधकापुढे उभा राहतो, अंगठा देतो, मुद्रांकशुल्क भरले जाते. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे उपनिबंधकाने पहावयाचे असते ते एवढेच की, दस्तऐवज करून देणारा तोच इसम आहे आणि त्याने तो करून दिल्याचे तो मान्य करीत आहे. जमीन मुळात त्याची आहे की नाही, याचा निवाडा करणे हे त्याचे काम नव्हे. आपल्या देशात नोंदणी होते ती दस्ताची, मालकीची नव्हे. १८५८ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स यांनी सुरू केलेल्या पद्धतीत शासन स्वतः मालकीची हमी देते. ती पद्धत भारतात सर्वसामान्यपणे रूढ झालेली नाही.

साखळी म्हणजे काय

ब्लॉकचेन हे नाव नवे असले तरी त्यामागील कल्पना दप्तरखान्यातील जुन्या माणसास अपरिचित वाटू नये. पोर्तुगीज नोटरीच्या पुस्तकात आरंभी व शेवटी पानांच्या संख्येचा दाखला लिहीत आणि प्रत्येक पानावर क्रमांक व अधिकाऱ्याची लघुस्वाक्षरी असे. १९०८ च्या नोंदणी कायद्याचे १६ वे कलमही हेच सांगते: पुस्तकाची पाने छापील क्रमाने असावीत आणि ती किती आहेत हे पुस्तक देणाऱ्या अधिकाऱ्याने मुखपृष्ठावर प्रमाणित करावे. उद्देश एकच, की मधले पान कोणी फाडू नये आणि मध्ये नवे पान कोणी घालू नये.

संगणकाची साखळी हेच काम गणिताच्या साहाय्याने करते. कोणत्याही मजकुराचा, मग तो एका ओळीचा असो वा शंभर पानांचा, एक ठरावीक लांबीचा अंकाक्षरी ठसा काढता येतो. सर्रास वापरात असलेल्या एका रीतीत हा ठसा ६४ अक्षरांचा असतो. मजकुरात एक अनुस्वार बदलला, ४२५ चौरस मीटरचे ४५२ झाले, की ठसा ओळखू न येण्याइतका पालटतो. नोंदींचा एक गठ्ठा तयार झाला की त्यात आधीच्या गठ्ठ्याचा ठसा लिहून ठेवतात, पुढच्यात याचा, त्याच्या पुढच्यात त्याचा. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीच्या नोंदीत ढवळाढवळ करावयाची तर त्यानंतरचे सर्व ठसे बदलावे लागतात. शिवाय या साखळीच्या प्रती उपनिबंधक, मामलेदार, भूमापन खाते, बँका अशा निरनिराळ्या ठिकाणी ठेवता येतात. एका कचेरीत फेरबदल झाला तर तो इतर प्रतींशी जुळत नाही व लगेच उघडा पडतो.

चूक दुरुस्त करावयाची झाल्यास जुनी नोंद खोडता येत नाही. दुरुस्तीची नवी नोंद पुढे जोडावी लागते. हेही नवे नाही. न्यायालयाने एखादा नोंदणीकृत दस्त रद्द ठरविला तर त्याचे पान फाडले जात नाही. १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्यानुसार हुकूमनाम्याची प्रत नोंदणी अधिकाऱ्याकडे जाते आणि तो आपल्या पुस्तकातील नकलेवर दस्त रद्द झाल्याचा शेरा लिहितो.

आता वर वर्णिलेली फसवणूक या साखळीपुढे ठेवून पाहावी. जुन्या दप्तरात कागद घुसडण्याचा प्रकार तिने निश्चित रोखला असता, परंतु दप्तरातील प्रत्येक पानाचा ठसा आधीच काढून ठेवलेला असता तरच. घुसडलेल्या पानासकट पुस्तकाचा ठसा काढला, तर खोटे पानही खऱ्यासारखेच कायमचे सुरक्षित होईल. फेरफाराची नोटीस वारसाला पोहोचली की नाही, हे साखळी सांगू शकत नाही. शेवटची विक्री तर तिने बिनदिक्कत नोंदविली असती, कारण विकणाऱ्याचे नाव उताऱ्यावर होते.

परदेशांतील अनुभव याहून निराळे बोलत नाहीत. होंडुरास या मध्य अमेरिकेतील देशात जमिनीची नोंद ब्लॉकचेनवर आणण्याची घोषणा २०१५ मध्ये गाजली. प्रत्यक्षात ते काम रखडले. जॉर्जिया या देशाने मात्र २०१६ मध्ये आपल्या नोंदणी दाखल्यांचे ठसे साखळीवर ठेवण्यास प्रारंभ केला आणि तो उपक्रम रुजला. परंतु तेथे २००४ मध्येच नोंदणीची स्वतंत्र राष्ट्रीय संस्था स्थापन होऊन कारभाराची साफसफाई झाली होती. साखळी आली ती त्यानंतर.

आपल्याकडे ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बिहारमधील एका नोंदणी नियमासंबंधी निकाल दिला. जमिनीची जमाबंदी विकणाऱ्याच्या नावे असल्याचा पुरावा नसल्यास दस्त नोंदविण्यास नकार देण्याची मुभा त्या नियमात होती. न्यायालयाने तो रद्दबातल ठरविला. त्याच निकालात, नोंदणी आणि मालकी यांतील अंतर ब्लॉकचेनसारख्या तंत्राने मिटविता येईल काय, याचा अभ्यास विधी आयोगाने करावा, असेही सुचविले. तंत्राची वाट खुली ठेवतानाच, अपुऱ्या महसुली नोंदींचा भार नागरिकाच्या माथी मारू नये, हा त्यातील विचार लक्षणीय आहे.

साखळीच्या आधी

देशभर भूमी अभिलेखांच्या आधुनिकीकरणाचा कार्यक्रम २००८ पासून चालू आहे. २०२१ पासून प्रत्येक भूखंडास १४ अंकी एकमेव ओळख क्रमांक देण्याचे काम हाती घेण्यात आले. अक्षांश-रेखांशांवर आधारलेला हा क्रमांक जमिनीची जागा निःसंशय दाखवितो. ती कोणाची, हे त्याला ठाऊक नसते. ते ठाऊक असलेली माणसे निराळी आहेत, आणि त्यांनीच पुढे येण्याची आवश्यकता आहे.

ज्या कुटुंबाची मालमत्ता गोव्यात आहे, त्याने आपला एक-चौदाचा उतारा आजच काढून पाहावा आणि वर्षातून निदान दोनदा तरी पाहत जावे. परगावी वा परदेशी असलेल्यांनी तर अवश्य. कब्जेदाराच्या रकान्यात मृत व्यक्तीचे नाव असल्यास ते तसेच राहू देणे म्हणजे दार उघडे टाकणे होय. २०१६ च्या डिसेंबरात अंमलात आलेल्या वारसा, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कायद्याखाली वारसांचा दस्त किंवा न्यायालयातील इन्व्हेंटरी यांपैकी योग्य तो मार्ग अनुसरून सर्व वारसांची नावे लावून घ्यावीत. बहिणींची आणि विधवा आईचीही. मुंडकाराने आपल्या घराची नोंद झाली आहे की नाही, याची मामलेदार कचेरीत खात्री करावी. जमीन घेणाऱ्याने निव्वळ उताऱ्यावर विसंबू नये. बोजारहित दाखला घ्यावाच, पण त्यासोबत जुन्या नोंदणी पुस्तकातील वर्णन व नाव जाणकाराकडून वाचून घ्यावे आणि शेजाऱ्यांकडे चौकशी करावी. विकणाऱ्याचे नाव उताऱ्यावर नुकतेच चढलेले असेल, तर ते कोणत्या कागदाच्या आधारे, हा प्रश्न पहिला.

पोर्तुगीज हस्तलिखित वाचू शकणारे लोक दिवसेंदिवस कमी होत आहेत. ओहोळ पूर्वी कोठून वाहत होता आणि बांधापलीकडचे भाट कोणाचे होते, हे सांगणारे वृद्ध गावोगावी अजून आहेत. जुन्या चतुःसीमा आणि नवे सर्व्हे क्रमांक यांची गाठ त्यांच्या हयातीत घालून, ती साक्षीपुराव्यानिशी लिहून ठेवता येणे शक्य आहे.