भाज्या व फळे यांची गोडी कशी लागेल?

“आज भाजी कोणती?” हा प्रश्न आपल्या घरांतून रोज विचारला जातो. उत्तर ‘बटाटा’ असे आले, तर मुलांचे चेहरे खुलतात. तेच ‘दुधी’, ‘शेपू’ किंवा ‘कारले’ असे आले, तर मुलेच काय, मोठी माणसेही लोणच्याच्या बरणीकडे हात नेतात. भाजीपाला आरोग्याला हितकर आहे, हे ठाऊक नाही असा मनुष्य विरळाच. तरीही जे हितकर आहे ते आवडीने खाल्ले जातेच असे नाही. मग आवड ही जन्मतःच ठरलेली असते काय? की ती लावून घेता येते? या लेखात आपण या प्रश्नाचा विचार करू या.

किती खावे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे दहा वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीने दररोज निदान ४०० ग्रॅम भाज्या व फळे खावीत. या मोजमापात बटाटा, रताळे यांसारखे पिष्टमय कंद धरलेले नाहीत. त्यामुळे बटाट्याची भाजी खाऊन हा हिशेब पुरा होत नाही. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था तर भाज्या व फळे मिळून दिवसाला सुमारे अर्धा किलो घ्यावीत असे सुचवते. म्हणजे ताटाचा जवळजवळ अर्धा भाग त्यांनी व्यापलेला असावा.

आता आपल्या नेहमीच्या ताटाकडे पाहा. भाताचा ढीग किंवा पोळ्यांची चवड, वाटीभर आमटी आणि ताटाच्या कडेला चमचा-दोन चमचे भाजी, असेच चित्र बहुतेक ठिकाणी दिसते. भाजी ही पोळीला ‘तोंडी लावणे’ म्हणून घ्यायची, ही आपली जुनी समजूत आहे. ती बदलणे ही पहिली पायरी होय.

भाजी कोणाच्या वाट्याला येते?

हा केवळ रुचीचा प्रश्न नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील १०० स्त्रियांपैकी ५७ जणींमध्ये रक्तक्षय आढळला. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांमध्ये हे प्रमाण १०० पैकी ६७ इतके होते. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत आणि तो झालेल्या व्यक्तीने वैद्यांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घेतल्याच पाहिजेत. केवळ पालेभाजीने तो बरा होईल असे समजू नये. परंतु रोजचा निकृष्ट आहार हे त्यामागील एक मोठे कारण आहे.

या आकड्यांमागे एक कटू सत्यही दडलेले आहे. पुष्कळ घरांत पुरुष व मुले आधी जेवतात आणि जिने भाजी निवडली, चिरली व शिजवली ती गृहिणी सर्वांच्या शेवटी जेवते. तोपर्यंत कढईत भाजीचा रस्सा तेवढा उरलेला असतो. फळ कापले, तर तिच्या वाट्याला कोयीचा गर येतो. कुटुंबाने एकत्र बसून जेवावे आणि भाजी सर्वांच्या ताटांत समप्रमाणात वाढावी, एवढी साधी गोष्टही पुष्कळ काही साधू शकते. पतींनो, वाढून घेण्यापूर्वी कढईत किती भाजी आहे हे तुम्ही पाहता का?

आवड कशी घडते?

कडू चवीचा तिटकारा निसर्गतःच आपल्यात आहे. अनेक विषारी वनस्पती कडू असतात. तेव्हा ही नावड म्हणजे एक प्रकारचे संरक्षणच होय. काही लोकांना कडूपणा इतरांपेक्षा अधिक तीव्रतेने जाणवतो. एकच पदार्थ एकाला अतिशय कडू, तर दुसऱ्याला बेचव लागतो, ही गोष्ट १९३१ साली आर्थर फॉक्स या रसायनशास्त्रज्ञाच्या लक्षात आली. हा फरक बव्हंशी आनुवंशिक असतो, असे पुढे दिसून आले. म्हणून कोबी किंवा कारले पाहून तोंड वाकडे करणारे मूल हट्टीच असेल असे नाही. त्याच्या जिभेला ती भाजी खरोखरच अधिक कडू लागत असेल. शिवाय दोन ते सहा वर्षांच्या वयात अनोळखी अन्नाची भीती वाटणे स्वाभाविक असते.

परंतु ही गोष्ट येथेच संपत नाही. ओळखीने आवड वाढते. नवी भाजी मुलाला एकदा-दोनदा देऊन “याला ती आवडत नाही” असा निर्णय बहुतेक पालक देऊन टाकतात. संशोधनात मात्र असे आढळले आहे की, आठ-दहा वेळा, कधी कधी पंधरा वेळादेखील थोडी थोडी चव दिल्यावर मुले ती भाजी स्वीकारू लागतात. या ओळखीचा आरंभ जन्मापूर्वीच होतो, असेही दिसते. ज्या मातांनी गरोदरपणी किंवा अंगावर पाजण्याच्या काळात गाजराचा रस घेतला होता, त्यांच्या बाळांनी गाजराची चव असलेली पेज अधिक आनंदाने खाल्ली, असा अनुभव २००१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नोंदवला आहे.

चव आणि स्मृती यांचा संबंध किती निकटचा आहे, हे शास्त्रवचनांच्या वाचकांना नवे नाही. गणना या पुस्तकाच्या ११ व्या अध्यायात रानात चालणारे इस्राएल लोक मिसरातील मांसमासळीबरोबरच तेथील काकड्या, खरबुजे, कांदे आणि लसूण यांच्या आठवणीने व्याकूळ झाल्याचे वर्णन आहे. त्यांच्या कुरकुरीचे समर्थन करता येणार नाही. पण लहानपणापासून खाल्लेला भाजीपाला माणसाच्या मनात किती खोल रुजतो, हे त्यावरून कळते. आज आपण आपल्या मुलांच्या मनात कोणत्या चवी रुजवत आहोत?

परक्या भाज्या आपल्या कशा झाल्या?

संपूर्ण समाजाची रुचीदेखील बदलू शकते, याचा पुरावा आपल्या मंडईतच आहे. बटाटा, टोमॅटो, मिरची, पेरू, पपई, अननस व सीताफळ यांपैकी एकही मूळचे भारतातील नाही. ही सर्व अमेरिका खंडातील पिके होत. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज व त्यांच्यामागून आलेल्या इतर युरोपीय लोकांबरोबर ती हळूहळू आपल्याकडे आली. ‘बटाटा’, ‘अननस’, ‘पपई’ आणि ‘कोबी’ हे शब्दही पोर्तुगीज भाषेतूनच मराठीत आले आहेत. मिरचीवाचून आमटी आणि टोमॅटोवाचून सार यांची आज कल्पनाही करवत नाही. तरीसुद्धा कोणे एके काळी आपल्याच पूर्वजांनी ही फळे हातात घेऊन “हे खायचे तरी कसे?” असा विचार केला असेल. त्यांना जे साधले, ते आपल्यालाही साधेल.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तर ही संधी अधिकच आहे. बंगालमध्ये जेवणाचा आरंभ ‘शुक्तो’ या कडसर मिश्र भाजीने करतात. केरळात भाज्या बारीक चिरून खोबऱ्याबरोबर परततात; त्या ‘तोरन’मध्ये कोबीदेखील गोड लागतो. पंजाबात मोहरीचा पाला मंद आचेवर शिजवून, घोटून मक्याच्या भाकरीबरोबर खातात. गुजरातेत हिवाळ्यातील कितीतरी भाज्या एकाच ‘उंधियू’त एकत्र येतात. तुमच्या शेजारणीला तिच्याकडची पद्धत विचारा आणि तिला अळूचे फतफते किंवा वांग्याचे भरीत शिकवा. त्यामुळे ताटही भरेल आणि शेजारधर्मही पाळला जाईल.

स्वयंपाकघरातील काही युक्त्या

पुष्कळदा दोष भाजीचा नसून ती करण्याच्या रीतीचा असतो. पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

कडूपणा : मीठ जिभेला जाणवणारा कडूपणा दाबते, हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. म्हणूनच कारल्याच्या चकत्यांना मीठ चोळून, पाणी सुटल्यावर त्या पिळून घेण्याची आपल्या आजीची रीत योग्यच आहे. पुढे चिंच व गूळ घातल्यास कडू, आंबट व गोड यांचा सुरेख मेळ बसतो. मात्र वरून पुन्हा मीठ घालताना हात आवरता घ्यावा.

उग्र वास : कोबी व फ्लॉवर फार वेळ शिजवल्याने त्यांतील गंधकयुक्त द्रव्ये मोकळी होतात आणि नकोसा वास सुटतो. त्या मोठ्या आचेवर थोडाच वेळ परताव्यात. किंचित करकरीत राहिल्या तर उत्तमच.

बुळबुळीतपणा : भेंडी धुऊन पूर्ण कोरडी करून मगच चिरावी. परतताना आमसूल, चिंच किंवा लिंबाचा रस घातल्यास तार कमी होते.

घशाची खवखव : अळूमध्ये सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, त्यांमुळे घसा खाजतो. म्हणून ते चांगले शिजवावे. चिंच किंवा आंबट चुका घालण्याची परंपराही याच अनुभवातून आली आहे.

पालेभाजीचा उग्रपणा : शेपूत मुगाची डाळ, मेथीत तुरीची डाळ किंवा पेरलेले बेसन, चाकवतात ताक घातल्याने त्यांचा उग्रपणा सौम्य होतो, शिवाय प्रथिनेही मिळतात. फोडणीतील थोडेसे तेल केवळ चवीसाठी नसते. हिरव्या पालेभाज्या, गाजर व लाल भोपळा यांतील ज्या द्रव्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवते, ते स्निग्ध पदार्थाबरोबरच नीट शोषले जाते.

लिंबाची फोड : पालेभाज्या व डाळी यांतील लोह शरीराला सहजासहजी घेता येत नाही. जेवणात लिंबू, आवळा, पेरू किंवा टोमॅटो असल्यास त्यांतील ‘क’ जीवनसत्त्वामुळे ते अधिक शोषले जाते. उलट, जेवणाला लागूनच चहा घेतल्याने हे शोषण घटते. म्हणून चहा थोड्या वेळाने घ्यावा.

धुणे व शिजवणे : भाज्या वाहत्या पाण्याखाली आधी धुवाव्यात आणि मग चिराव्यात, चिरून पाण्यात ठेवल्यास जीवनसत्त्वे निघून जातात. शिजवण्यास पाणी बेताचेच घ्यावे, भांड्यावर झाकण ठेवावे आणि रंग टिकावा म्हणून खाण्याचा सोडा घालू नये.

महागाईत हे कसे परवडेल?

पौष्टिक म्हणजे महाग, हा एक गैरसमज आहे. गरीबांचे फळ मानल्या गेलेल्या पेरूत संत्र्याच्या कितीतरी पट ‘क’ जीवनसत्त्व असते. आवळाही तसाच समृद्ध आहे. शेवग्याचा पाला बहुधा विकतही घ्यावा लागत नाही. मुळ्याचा, फ्लॉवरचा व बीटचा पाला फेकून न देता त्याची भाजी करता येते. ऋतूप्रमाणे जे मुबलक येते ते स्वस्तही असते आणि ताजेही. पावसाळ्याच्या प्रारंभी टाकळा, पुढे करटोली. हिवाळ्यात मेथी, गाजर व वाटाणा. उन्हाळ्यात काकडी, कलिंगड व कैरी असे निसर्गाचे वेळापत्रक पाळावे. रानभाज्या मात्र जाणकाराकडूनच घ्याव्यात. वसईच्या ख्रिस्ती बागायतदारांनी केळी वाळवून ‘सुकेळी’ बनवण्याची कला जोपासली, ती हंगामातील फळ टिकवण्यासाठीच. तुमच्याकडे अंगण नसेल, तरी खिडकीतल्या कुंडीत मेथी व कोथिंबीर उगवता येते. स्वतः पेरलेली मेथी खाण्यास मुले क्वचितच नकार देतात.

फळे शक्यतो चावून खावीत, गाळलेला रस घेऊ नये. रसात तंतू राहत नाहीत आणि साखर मात्र झटकन रक्तात उतरते. मधुमेह असणाऱ्यांनी फळांचे प्रमाण वैद्यांना विचारून ठरवावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, तसेच रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनीही आहारात मोठा बदल करण्यापूर्वी सल्ला घ्यावा.

बळजबरी नको, धीर हवा

“भाजी संपवलीस तर चॉकलेट देईन” असे म्हटल्याने काय होते? भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस, असा धडा मूल शिकते आणि भाजीची नावड अधिकच पक्की होते. त्याऐवजी एकच घास वाढा. तो खाल्ला तर ठीक, नाही तर रागावू नका. काही दिवसांनी तीच भाजी निराळ्या रूपात, थालीपिठात, पराठ्यात किंवा कोशिंबिरीत येऊ द्या. मुलांना मंडईत न्या, शेंगा सोलू द्या, पालेभाजी निवडू द्या. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तुम्ही स्वतः ती आनंदाने खा. वडील लोणच्याशी पोळी खात असतील, तर मुलाला पालक खाण्याचा उपदेश कसा पटेल?

दानीएल व त्याच्या सोबत्यांनी राजाचे पक्वान्न नाकारून शाकान्न मागितले, ते मुख्यतः विवेकबुद्धीला जागून. परंतु त्यांनी मागितलेली मुदत केवळ दहा दिवसांची होती, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आपणही लहानशी मुदत ठरवून आरंभ करू शकतो. येत्या दहा दिवसांत दररोज एक भाजी नेहमीपेक्षा दुप्पट वाढावी, एक फळ सर्वांनी वाटून खावे आणि घरात न येणारी एक भाजी एकदा तरी आणावी. जीभ लगेच वळणार नाही. पण ओळख वाढत गेली, म्हणजे जे कर्तव्य म्हणून खाल्ले, तेच एके दिवशी आपण आवडीने मागून घेऊ.

कुटुंबात चर्चेसाठी

१. आपल्या ताटात भाज्या व फळे यांनी किती जागा व्यापली आहे?
२. आपल्या घरात सर्वांत शेवटी कोण जेवते? तिच्या वाट्याला काय उरते?
३. एकदाच चाखून आपण कोणती भाजी कायमची नाकारली आहे? ती निराळ्या रीतीने करून पाहता येईल का?
४. शेजाऱ्यांकडून कोणती नवी भाजी शिकता येईल आणि त्यांना आपण कोणती शिकवू शकू?