हप्ता आधी भरून बघा

बँकेने ६३ लाखांपर्यंत कर्ज देऊ म्हटलं, म्हणून तुम्ही दोघं खूश आहात. पण अरे, तो आकडा बँकेचा. दोघांचे मिळून एक लाख दहा हजार हातात येतात, त्यातले निम्मे हप्त्याला धरले, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षं, की झाले ६३ लाख. उद्या बाळ झालं आणि सूनबाईने वर्षभर बिनपगारी रजा घेतली, तर काय? तो हिशेब बँक करत नाही, तो आपण करायचा.

तिचे ४५ हजार बाजूला ठेव. उरले तुझे ६५. आता वर्षाचा खर्च मांड, महिन्याचा नको. मेडिक्लेम, गाडीचा विमा, गणपती, दिवाळी, दादांची औषधं, दोन-तीन लग्नांचे आहेर, सगळं लिही आणि बाराने भाग. किराणा, वीज, पेट्रोल धरून तुमचं घर भाडं सोडून तिसाच्या आत चालत नाही, हे मला दिसतंय. म्हणजे हप्ता ३५ हजार, आणि कर्ज ४० लाख. तेवढंच.

व्याज एका जागी थांबत नाही. मे २०२० मध्ये रेपो दर चार टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा झाला. ४० लाखांचा आजचा हप्ता ३४,७०० असेल, तर दोन टक्के वाढल्यावर तो ३९,९०० होतो. पुष्कळदा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवतात, आणि आपल्याला ते वर्षभराने कळतं. म्हणून वरचे पाच हजार कुठून येतील ते आजच ठरवा.

आता घराची किंमत. पुण्यात साठ लाखांचा फ्लॅट बघताय ना? ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक किमतीच्या ८० टक्क्यांवर जात नाही, म्हणजे १२ लाख तुमचेच. त्यावर सात टक्के मुद्रांक शुल्क, ४ लाख २० हजार. नोंदणीचे ३० हजार. बांधकाम चालू असेल तर पाच टक्के जीएसटी, आणखी तीन लाख. साडेएकोणीस लाख खिशातून गेले, आणि अजून एक पंखासुद्धा लागलेला नाही! शिवाय हे ४८ लाखांचं कर्ज धरून. आपण ४० वर थांबलो, तर आणखी आठ लाख उभे करायचे. ते नसतील तर पन्नासच्या आतलं घर बघा, थोडं लांब पडलं तरी चालेल. आणि खरेदी सूनबाईच्या एकटीच्या नावावर केलीत, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सुटतो.

ताबा मिळायला दोन वर्षं असतील, तर तोवर भाडं आणि कर्जाचं व्याज दोन्ही भरावं लागेल. मी तुमच्या जागी असते तर भोगवटापत्र मिळालेलंच घर घेतलं असतं. त्यावर जीएसटीही नाही.

सगळ्यात महत्त्वाचं. सही करण्याआधी सहा महिने हप्ता भरून बघा. भाडं १८ हजार आहे, म्हणून पगाराच्या दिवशीच १७ हजारांची आरडी लावा, आणि सूनबाईच्या पगाराला हात लावू नका. मध्ये गणपती-दिवाळी येऊ दे. आरडी मोडावी लागली, तर ३५ हा तुमचा आकडा नाही, खाली या.

आणि मंजुरीपत्र आलं की आधी मला फोटो पाठव. व्याज रेपोला जोडलंय का आणि दर किती महिन्यांनी बदलणार, ते आपण मिळून वाचू.