कॉफीच्या मुळांवरील सूत्रकृमी : वनस्पती अर्कांचे अर्थकारण

बंगळूरच्या कोरमंगला भागातील कॉफीगृहांत मिळणाऱ्या कॉफीची नाळ चिकमगळूर, कोडगू आणि हासन या जिल्ह्यांतील मळ्यांशी जोडलेली आहे. देशाच्या कॉफी उत्पादनात कर्नाटकाचा वाटा सुमारे ७० टक्के असून बहुसंख्य उत्पादक लहान धारणेचे आहेत. कॉफीचे झुडूप एकदा लावले की ते काही दशके जमिनीत राहते. म्हणून मुळांना जडलेला रोग ही एका हंगामाची हानी नसून भांडवलाचीच झीज ठरते. प्रस्तुत लेखात या रोगावरील वनस्पतिजन्य उपायांचा आर्थिक अंगाने विचार केला आहे.

समस्येचे स्वरूप

मेलॉयडोगायनी या प्रजातीचे सूत्रकृमी मुळांवर गाठी निर्माण करतात. त्यांची सुमारे ०.४ मिलिमीटर लांबीची पिल्ले कोवळ्या मुळांत शिरतात आणि तेथील पेशींना अवास्तव फुगवून त्यांवर पोसली जातात. एक मादी शेकडो अंडी घालते. उष्ण, ओलसर जमिनीत साधारणतः महिनाभरात एक पिढी पूर्ण होते. ब्राझीलमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॉफीचे मळे वाळू लागले, तेव्हा गोल्डी या शास्त्रज्ञाने १८८७ च्या सुमारास या कृमीचा शोध घेतला. भारतात अरेबिका कॉफीला प्रॅटिलेंकस कॉफिए हा मुळांवर व्रण पाडणारा सूत्रकृमी अधिक घातक ठरला आहे. तर कॉफीच्या मळ्यात आंतरपीक म्हणून घेतल्या जाणाऱ्या काळ्या मिरीला मूळगाठीचा उपद्रव होतो. म्हणून मळ्याचा विचार एकत्रितपणेच करावा लागतो.

रासायनिक पर्यायांची मर्यादा

एके काळी नेमागॉन हे सूत्रकृमिनाशक जगभर वापरले जाई. १९७७ साली कॅलिफोर्नियातील एका कारखान्याच्या कामगारांत वंध्यत्व आढळले आणि त्याचा वापर थांबविण्याची प्रक्रिया सुरू झाली. ओझोन थराला हानिकारक असलेला मिथाईल ब्रोमाईड हा वायू माँट्रियल कराराखाली बहुतांश वापरांतून बाद झाला. भारतात अल्डिकार्बवर २००१ पासून, तर फोरेटवर २०२० अखेरपासून बंदी आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत हा बाह्य परिणामांचा प्रश्न होय : रसायनाच्या बाजारभावात कामगाराच्या आरोग्याची आणि दूषित पाण्याची किंमत धरलेली नसते.

अर्कांचे कार्य

निंबोळीतील ॲझाडिरॅक्टिन व इतर घटक अंड्यांची उबवण आणि पिल्लांची हालचाल रोखतात. निंबोळी व करंजाची पेंड कुजताना अमोनिया मुक्त होतो आणि उपकारक सूक्ष्मजीवांची वाढ होते. झेंडूच्या मुळांतील सूत्रकृमिनाशक द्रव्य नेदरलँड्समधील संशोधकांनी १९५८ साली ओळखले. मात्र प्रयोगशाळेतील बशीत मिळालेले यश मळ्यात तसेच मिळत नाही. अर्क जमिनीत लवकर विघटित होतो, त्यातील क्रियाशील घटकांचे प्रमाण झाड, हंगाम व साठवणीनुसार बदलते आणि मुळांत शिरलेल्या कृमीपर्यंत तो सहसा पोहोचत नाही.

खर्चाचे गणित

येथे एक साधे गणित उद्बोधक ठरेल. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात सुमारे २० लाख किलोग्रॅम माती असते. रोबस्टाची लागवड ३ मीटर अंतरावर केल्यास हेक्टरी सुमारे १,१०० रोपे बसतात. रोपवाटिकेतील प्रत्येक पिशवीत दीड किलोग्रॅम माती धरली, तर एकूण माती १,६५० किलोग्रॅम, म्हणजे मळ्यातील मातीच्या हजाराव्या भागाहूनही कमी भरते. तोच अर्क, तीच पेंड आणि तेच श्रम रोपवाटिकेत वापरल्यास दर रोपामागील खर्च अत्यल्प राहतो. शिवाय कृमी मळ्यात शिरण्याचा एक मोठा मार्गच बंद होतो. वनस्पती अर्कांचे खरे स्थान रोपवाटिकेत आहे, ते यामुळेच.

बाजाराचे अपयश आणि शासनाची भूमिका

रोप खरेदी करणाऱ्या शेतकऱ्याला मुळांतील कृमी दिसत नाहीत. रोपवाटिकाचालकाला मात्र आपली माती ठाऊक असते. या विषम माहितीच्या स्थितीत निकृष्ट माल चांगल्या मालाला बाजाराबाहेर ढकलतो, हे जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली दाखवून दिले. दुसरी अडचण संशोधनाची. निंबासारखे पारंपरिक ज्ञान ही सामाईक संपदा आहे. निंबतेलाच्या बुरशीनाशक उपयोगावर १९९४ साली दिलेले युरोपीय पेटंट २००० मध्ये रद्द झाले आणि २००५ मध्ये तो निर्णय कायम राहिला. हा न्याय योग्यच होता. परंतु ज्यावर मक्तेदारी नाही, त्याच्या प्रमाणीकरणावर खासगी भांडवल सहसा खर्च होत नाही. ही उणीव सार्वजनिक संस्थांनीच भरून काढावयाची असते. १९२५ साली स्थापन झालेली बाळेहोन्नूर येथील केंद्रीय कॉफी संशोधन संस्था आणि १९४२ च्या कायद्याखालील कॉफी मंडळ ही त्यासाठीची स्वाभाविक व्यासपीठे होत.

निष्कर्ष

रोपांचे प्रमाणीकरण, रोपवाटिकेच्या मातीला ऊन देऊन तापविणे, त्यात निंबोळी पेंड मिसळणे आणि बाधित क्षेत्रात रोबस्टाच्या खुंटावर अरेबिकाचे कलम करणे, या उपायांची एकत्रित सांगड हाच व्यवहार्य मार्ग आहे. अर्क हा या साखळीतील एक दुवा आहे. साखळीची जागा तो एकटा घेऊ शकत नाही. लहान उत्पादकाच्या दृष्टीने निरोगी रोप हाच सर्वांत स्वस्त विमा ठरतो.

अभ्यासासाठी प्रश्न

१. विषम माहितीमुळे बाजार अपयशी कसा ठरतो, ते रोपवाटिकेच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. पारंपरिक ज्ञानाच्या वापरात सार्वजनिक संशोधनाचे महत्त्व सांगा.