आले व सुंठ : गुण, उपयोग आणि मर्यादा

महोत्सवी स्मरणिका घरोघरी जपून ठेवली जाते. तेव्हा संसारात नित्य उपयोगी पडेल असा विषय घ्यावा, या हेतूने आल्याची माहिती येथे देत आहे.

आल्याला आपण मूळ समजतो. वस्तुतः ते जमिनीखाली आडवे वाढणारे खोड होय. डोळा असलेला तुकडा लावला की त्याला कोंब फुटतो, म्हणून बेणे म्हणून कंदच लावतात. हळद व वेलदोडा ही त्याच्याच कुळातील भावंडे. नावाचा प्रवासही मनोरंजक आहे. संस्कृतातील ‘शृंगवेर’, अरबी ‘जंजबील’ आणि इंग्रजी ‘जिंजर’ हे शब्द एकमेकांचे नातलग आहेत. कुराणशरीफात स्वर्गातील पेयाच्या वर्णनात जंजबील आले आहे, तर आयुर्वेदाने सुंठीला ‘विश्वभेषज’ असे नाव दिले आहे. वैद्य सुंठ, मिरे व पिंपळी यांचे त्रिकटू देतात; हकीम जवारिश जंजबील देतात. खलबत्ते दोन, पण वस्तू एकच!

ओल्या आल्याचा तिखटपणा ‘जिंजरॉल’ या द्रव्यामुळे असतो. आले वाळविले की त्यातील काही भागाचे ‘शोगाओल’ बनते, व ते अधिक तिखट असते. सुंठ आल्यापेक्षा झणझणीत का लागते, याचे कारण हेच. साहजिकच, जितके आले तितकीच सुंठ घालणे योग्य नव्हे.

आता गुणांकडे वळू. आल्याचा सर्वांत खात्रीचा गुण म्हणजे मळमळ शमविणे. १९८२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात फिरत्या खुर्चीवरील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात सुंठीची पूड प्रचलित औषधापेक्षा सरस ठरली. पुढे काही प्रयोगांत प्रवासातील मळमळीवर तितका गुण दिसला नाही. परंतु गरोदरपणातील मळमळीबाबत पुरावा बराच अनुकूल आहे. त्या प्रयोगांत बहुधा दिवसाकाठी सुमारे १ ग्रॅम, म्हणजे चहाचा अर्धा चमचा पूड, विभागून दिली होती. गरोदर स्त्रीने मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. आल्याने जठरातील अन्न पुढे सरकण्यास मदत होते. म्हणून जेवणापूर्वी आल्याचा तुकडा मीठ-लिंबू लावून खाण्याची जुनी चाल अर्थपूर्ण आहे.

सर्दी-खोकल्यात आल्याचा चहा किंवा काढा घशाला शेक देतो, बरे वाटते. पण आजार त्याने लवकर बरा होतो असे सिद्ध झालेले नाही. साधी सर्दी आठ-दहा दिवसांत आपोआपच जाते. ‘सुंठीवाचून खोकला गेला’ ही म्हण रचणाऱ्याने हे बरोबर हेरले होते!

येथेच मर्यादेचा प्रश्न येतो. घरगुती उपाय वाईट नसतो. त्याच्या भरवशावर घालविलेला वेळ घातक ठरतो. म्हणून पुढील गोष्टी घरातील सर्वांनी ध्यानात ठेवाव्यात :

१) पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे. सहाणेवर सुंठ, वेखंड उगाळून घुटी देण्याची आपली रीत प्रेमाची असली, तरी ती या काळात टाळणेच हिताचे.

२) एक वर्षाखालील मुलाला आल्याच्या रसाबरोबर मध चाटवू नये. मधातील जंतूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळास गंभीर विषबाधा होऊ शकते.

३) खोकल्यासोबत मुलाचा श्वास जलद चालत असेल किंवा छाती आत ओढली जात असेल, तर काढा उकळीत बसू नये, तत्काळ दवाखाना गाठावा.

४) पोटदुखी बेंबीपासून उजवीकडे खाली सरकली, व सोबत ताप किंवा ओकारी असली, तर तो अपेंडिक्सचा विकार असू शकतो. अशा वेळी आल्याचा रस देऊन वाट पाहू नये.

५) रक्त पातळ करण्याचे औषध चालू असणाऱ्यांनी, तसेच पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी, स्वयंपाकापलीकडे आल्याचे सेवन डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावे. छातीत जळजळ होणाऱ्यांनीही बेतानेच घ्यावे.

एवढे पथ्य सांभाळल्यास आले हा घरचा उत्तम सोबती आहे. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात, रामनवमीच्या सुंठवड्यात, रमजानच्या खिमा-हलीमात व थंडीतल्या आलेपाकात त्याने आपले स्थान केव्हाच मिळविले आहे. ते स्वयंपाकघरात सुखाने नांदो. डॉक्टरांची जागा मात्र त्याला देऊ नये.