परसदारची बाग आणि घरचे आरोग्य

आपल्याकडे पूर्वी घर बांधताना पुढे अंगण आणि मागे परस धरूनच जागा आखीत. परसात विहीर, न्हाणी, दोन-चार माड, केळी, अळू आणि पावसाळ्यात मांडवावर चढवलेली पडवळे-दोडकी असत. आता रत्नागिरी शहरात जिथे परस उरले आहे तिथेही पुष्कळदा कोबा किंवा पेव्हर ब्लॉक घातलेले दिसतात. भाजी मात्र घाटावरून येते. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत दरडी कोसळून आंबा घाटाचा रस्ता खचला, तेव्हा आपली चूल घाटावर किती अवलंबून आहे ते सर्वांना कळले.

हा विषय आरोग्याच्या सदरात कशासाठी, असे काही वाचक विचारतील. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के आणि पाच वर्षांखालील मुलांपैकी ६८.९ टक्के रक्तक्षयी आहेत. चढ चढताना लागणारी धाप, सततचा थकवा, मुलांचे अभ्यासात लक्ष नसणे या तक्रारींमागे अनेकदा हेच कारण असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या सल्ल्याप्रमाणे प्रौढ माणसाने रोज सुमारे ४०० ग्रॅम भाज्या (त्यात १०० ग्रॅम पालेभाजी) आणि १०० ग्रॅम फळे खावीत. चार माणसांच्या घराला हा हिशेब दिवसाला दोन किलोंचा होतो. भात, आमटी, मासळी आणि चमचाभर भाजी अशा ताटात तो बसत नाही.

परसातली बाग म्हणजे वाफ्यात लावलेली चार रोपे नव्हेत. उंच झाडाखाली मध्यम झाड, त्याखाली झुडूप, त्याखाली कंद आणि खोडावर वेल अशी ती मजल्यामजल्यांची असते. इंग्लंडमध्ये रॉबर्ट हार्ट या गृहस्थांनी १९६० नंतर अशी बाग केली आणि केरळच्या घरबागांचे ऋण मानले. आपल्याला तितके लांब जायला नको. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने माडांच्या मधल्या जागेत दालचिनी, जायफळ, मिरी, केळी, अननस घेण्याची ‘लाखी बाग’ रुजवली आहे. तीच कल्पना घरापुरती लहान करायची.

एक गुंठा म्हणजे सुमारे १०० चौरस मीटर जागा असेल तर एका कोपऱ्यात एक माड पुरे. दोन माड लावायचेच झाले तर त्यांत साडेसात मीटर अंतर हवे. आंबा-फणस मोठे होऊन सारे ऊन अडवतात, ते लहान परसात टाळावेत. दुसऱ्या मजल्यावर शेवगा, पपई, केळ, पेरू, कागदी लिंबू आणि कढीपत्ता. माडाच्या बुंध्याशी मिरीचा वेल. सावलीत अळू, हळद, आले, सुरण. उन्हाच्या पट्ट्यात लाल माठ, मुळा, मिरची. कुंपणावर तोंडली आणि कारली.

जमीन जांभ्याची असेल तर उन्हाळ्यातच खड्डे खणून ते माती, पालापाचोळा आणि शेणखताने भरावेत. शेवग्याची फांदी पावसाच्या तोंडावर लावली की लागते. पपईच्या मुळाशी पाणी साचले तर ती कुजते, म्हणून तिला उंचवट्यावर लावावे. न्हाणीचे पाणी केळी-अळवाकडे वळवण्याची जुनी रीत चांगली आहे. फक्त ते साचू देऊ नये.

आता ताटाकडे येऊ. शेवग्याच्या पाल्यात वजनी तुलनेत दुधापेक्षा अधिक कॅल्शियम असते आणि ‘अ’ जीवनसत्त्व देणारे द्रव्यही भरपूर असते. गोकुळाष्टमीला ही भाजी करण्याची आपली पद्धत आहे. ती आठवड्यातून दोनदा करावी. वर ओले खोबरे घालावे, कारण ते द्रव्य अंगी लागायला स्निग्धांश लागतो. पालेभाजीतले लोह मात्र शरीरात थोडेच शोषले जाते. जेवताना लिंबू पिळले किंवा पेरूची फोड खाल्ली तर त्यातील ‘क’ जीवनसत्त्वामुळे ते अधिक शोषले जाते. जेवणाला लागून चहा घेतल्यास उलट होते. चहा तासाभराने घ्यावा. अळवात ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यांनी घसा खाजतो. म्हणून अळू नीट शिजवावे आणि त्यात चिंच किंवा आमसूल घालावे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हिमोग्लोबिन ८ किंवा ९ असलेल्या गरोदर बाईचे रक्त शेवग्याने वेळेत भरून येणार नाही. तिला लोहाच्या गोळ्या, प्रसंगी इंजेक्शन लागतेच. बाग ही पुढच्या बाळंतपणाची आणि मुलीच्या वाढीच्या वयाची तयारी आहे.

घरचे म्हणून सारेच सर्वांना चालते असेही नाही. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी शहाळे, केळी आणि पालेभाजी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. त्यांतील पोटॅशियम रक्तात साठून हृदयाला धोका होतो. बिंबल आमटीत चालते, पण मधुमेह किंवा कोलेस्टेरॉलवर औषध म्हणून त्याचा रस पेलाभर पिणे घातक आहे. केरळमध्ये अशा रसाने मूत्रपिंडे निकामी झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. रक्त पातळ होण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाजीचे प्रमाण एकदम वाढवू नये.

बागेतले धोकेही ओळखावेत. करवंट्या, फुटक्या कुंड्या, टायर यांत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो. आठवड्यातून एक दिवस सारे पालथे करावे. पावसाळ्यात चिखलात काम करताना गमबूट घालावेत. पायाच्या जखमेतून लेप्टोचे जंतू शिरतात. काम केल्यानंतर थोड्या दिवसांत ताप आणि पोटऱ्या दुखणे सुरू झाले तर अंगावर काढू नये. जांभ्याच्या दगडांचे आणि झावळ्यांचे ढीग घरालगत ठेवू नयेत, तिथे फुरसे दडते. सर्पदंश झाल्यास आवळपट्टी बांधू नये, जखम कापू किंवा चोखू नये. पाय न हलवता रुग्णाला १०८ च्या रुग्णवाहिकेने किंवा मिळेल त्या वाहनाने सरकारी रुग्णालयात न्यावे. सर्पविषावरची लस तिथे मोफत मिळते.

ज्यांना जागा नाही त्यांनी निदान कढीपत्ता, लिंबू आणि माठ कुंड्यांत लावावेत. ज्यांना जागा आहे त्यांनी कोबा घालण्यापूर्वी एकदा विचार करावा. शेवगा आणि पपई वर्षभरात ताटात येतात, माडाला काही वर्षे थांबावे लागते. तेव्हा यंदाच्या मे महिन्यात पहिला खड्डा शेवग्यासाठी खणावा.